घरच्या शाळेची खतावणी: नववी ते बारावीच्या नोंदी आणि क्रेडिटचा हिशेब

माझे बाबा वाईला किराणा दुकान चालवायचे. रात्री शटर ओढलं की आधी रोजकीर्द (दिवसाचा जमाखर्च), मग जेवण. रोजकीर्दीवरून खात्यांप्रमाणे खतावणी, खतावणीवरून मार्चअखेर ताळेबंद. अमेरिकेत येऊन मुलांना घरी शिकवायला लागले तेव्हा खरं तर हे सगळं मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथला कायदा होमस्कूलिंग करणाऱ्या आईबापांकडे काहीच मागत नाही. ना अर्ज, ना परीक्षा, ना हजेरी. त्यामुळे मोठ्या मुलाची नववी-दहावी मजेत गेली आणि कागदावर त्यातलं काहीही उतरलं नाही. अकरावीत कॉलेजांची यादी करायला बसलो तेव्हा कळलं की सरकार मागत नाही, पण कॉलेज सगळं मागतं: कोणता विषय, कोणतं पुस्तक, किती क्रेडिट, कोणती ग्रेड, प्रयोग केले का, कधी केले.

मग तीन आठवडे उत्खनन. लायब्ररीच्या पावत्या, पुस्तकांच्या ऑनलाइन ऑर्डरी, फोनमधले फोटो. जीवशास्त्रात बेडकाचं विच्छेदन नक्की केलं होतं, पण कधी? शेवटी तारीख सापडली व्हॉट्सअ‍ॅपवर. मुलाने फोटो आजीला पाठवला होता आणि खाली तिचं उत्तर होतं, "त्याच टेबलावर जेवता ना रे?"

धाकट्या लेकीच्या वेळी शहाणी झाले. यंदा ज्यांचं मूल आठवी संपवून घरीच हायस्कूल (इथे नववी ते बारावी) सुरू करणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. एक वही, एक स्प्रेडशीट आणि आठवड्याला वीस मिनिटं लागतात. मात्र ती वीस मिनिटं त्याच आठवड्यात द्यावी लागतात.

आधी आपल्या राज्याचा कायदा

होमस्कूलिंग अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. आमच्या घरापासून डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया लागतं. तिथे माझी मैत्रीण राहते. तिला दरवर्षी १ ऑगस्टच्या आत स्कूल डिस्ट्रिक्टला (तिथल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाला) अ‍ॅफिडेव्हिट (शपथपत्र) द्यावं लागतं. वर्षाला १८० दिवस किंवा हायस्कूलला ९९० तास शिकवल्याचं दाखवावं लागतं. शिकवतानाच लिहिलेली नोंदवही आणि कामाचे नमुने असलेला पोर्टफोलिओ ठेवावा लागतो, आणि वर्षअखेर तो पोर्टफोलिओ पाहून व मुलाशी बोलून इव्हॅल्युएटर (मूल्यमापक) जे पत्र देतो ते ३० जूनच्या आत पोचवावं लागतं. हायस्कूलच्या पदवीसाठी किमान विषयही ठरलेले: इंग्रजी चार वर्षं, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र प्रत्येकी तीन, कला व मानव्यविद्या दोन. ती वैतागते. मी मात्र मनातून तिचा हेवा करायचे, कारण तिच्या मुलाच्या फाइलमध्ये सगळं होतं.

न्यूयॉर्क त्याहून कडक. १ जुलैपर्यंत इराद्याचं पत्र, मग वर्षाचा अभ्यासआराखडा, दर तिमाहीला अहवाल, वर्षअखेर मूल्यमापन. कॅलिफोर्नियात बहुतेक जण स्वतःच्या घराची खासगी शाळा म्हणून नोंद करतात. ते अ‍ॅफिडेव्हिट दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान ऑनलाइन भरायचं असतं. टेक्सासमध्ये घरची शाळा म्हणजे खासगी शाळाच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कायम केलं. तिथे कळवावं लागत नाही, फक्त वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे विषय खरोखर शिकवायला हवेत.

आपल्या राज्याचं सध्याचं पान राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरच वाचा, कारण नियम बदलतात. आणि कायदा सांभाळला म्हणजे कॉलेजची तयारी झाली असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यू जर्सी-टेक्सासवाल्यांनी तर हे भिंतीवर लावून ठेवावं.

क्रेडिट म्हणजे काय

आपल्याकडे दहावी-बारावीला बोर्ड असतं, एक परीक्षा आणि एक गुणपत्रक. इथे तसं बोर्ड नाही. एक विषय वर्षभर नीट शिकला की एक क्रेडिट, अर्धं वर्ष शिकला की अर्धं. चार वर्षांची मिळून साधारण २२ ते २६ क्रेडिट होतात.

ह्या मापाचा उगम मजेशीर आहे. कार्नेगी फाउंडेशनने १९०६ च्या सुमारास कॉलेजातल्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं ठरवलं. पण कॉलेज कशाला म्हणायचं? तर जिथे प्रवेशासाठी हायस्कूलची १४ युनिटं लागतात त्याला. मग युनिट म्हणजे काय हेही ठरवणं आलं: एका विषयाचे वर्षाला १२० तास. प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी काढलेलं माप आज आमच्या डायनिंग टेबलावर चालतं. १८० दिवस रोज ४० मिनिटं म्हणजे बरोबर १२० तास. न्यूयॉर्कच्या नियमात एक युनिट म्हणजे ६,४८० मिनिटं, म्हणजे १०८ तास. थोडा फरक आहे, पण जात एकच.

घरी क्रेडिट ठरवायच्या तीन रीती आहेत. पहिली तासांची. चित्रकला, संगीत, शारीरिक शिक्षण, स्वयंपाक अशा ज्या विषयांना पाठ्यपुस्तक नसतं त्यांना ही बरी: १२० तासांच्या आसपास एक क्रेडिट, ६० च्या आसपास अर्धं. दुसरी पुस्तकाची. हायस्कूलचं मान्य पाठ्यपुस्तक तीन चतुर्थांशाहून जास्त संपवलं की वर्ष झालं असं बहुतेक लोक धरतात. शाळेतही शेवटची दोन प्रकरणं राहतातच. गणिताला हीच रीत. भराभर शिकणाऱ्या मुलाने अल्जेब्रा ९० तासांत संपवला तर उरलेले ३० तास त्याला शिक्षा म्हणून बसवून ठेवायचं नाही. तिसरी बाहेरच्या कोर्सची. कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) एका सेमिस्टरचा तीन क्रेडिटचा कोर्स हायस्कूलचं एक क्रेडिट म्हणून धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, काही ठिकाणी अर्धंच धरतात. आपल्या राज्यात काय चालतं ते बघा आणि चारही वर्षं तेच धरा.

एका विषयाला एकच रीत लावा. आणि एक तास दोन खात्यांत घालू नका. लेकीने अमेरिकन यादवी युद्धावरची कादंबरी वाचली तर ती इंग्रजीत जाईल नाहीतर इतिहासात. दोन्हीकडे जमा केली तर बाबांच्या भाषेत तो दुबार जमाखर्च.

चार वर्षांचा कच्चा आराखडा

नववी सुरू होण्याआधी एका कागदावर चार रकाने पाडा आणि पेन्सिलने लिहा. बहुतेक कॉलेजांना बरं वाटेल असा साचा: इंग्रजी ४, गणित ४ (किमान ३), प्रयोगासह विज्ञान ३, इतिहास-समाजशास्त्र ३, एकच परकी भाषा २ किंवा ३, कला १, बाकी आवडीचे विषय. राज्याच्या अटी ह्यात बसतात का तेवढं ताडून घ्या. मूल कुठे अर्ज करेल ह्याचा अंदाज असेल तर त्या दोन-तीन कॉलेजांच्या प्रवेश विभागाच्या पानांवर होमस्कूलवाल्यांसाठी वेगळं काय लिहिलंय ते आत्ताच वाचा. बारावीत वाचून उपयोग नसतो.

आठवीत अल्जेब्रा झाला असेल तर तो ट्रान्सक्रिप्टवर (चार वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर) दाखवता येतो, "आठवीत पूर्ण केलेले हायस्कूल पातळीचे विषय" अशा वेगळ्या ओळीत. जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरायचा की नाही ते एकदा ठरवा आणि खाली टीप टाका.

रोजकीर्द

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. आमच्याकडे ते लेक करते, मी नाही. नववीतलं मूल स्वतःचा दिवस स्वतः लिहू शकतं. एक साधी रूळदार वही: तारीख, विषय, काय केलं, किती वेळ. वेळ पाव तासाच्या हिशेबात. बाहेर कुठे गेलो तर तेही.

तिच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

१४ ऑक्टोबर, सोमवार
अल्जेब्रा २ – प्रकरण ३.४, गणितं १ ते २९ विषम – १ तास
रसायन – टायट्रेशन, तीनदा केलं, पहिलं फसलं – दीड तास
इंग्रजी – निबंधाचा दुसरा मसुदा – पाऊण तास
मराठी – लेख वाचला, आजीला फोनवर सांगितला – अर्धा तास
तबला – रियाज – पाऊण तास

"पहिलं फसलं" हे दोन शब्द मला फार आवडतात. खरी नोंद अशी दिसते. वर्षअखेर एका बैठकीत लिहून काढलेल्या वहीत कुणाचंच कधी काही फसत नाही.

रविवारी चहाबरोबर वीस मिनिटं. वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये चढवायचे: डावीकडे आठवडे, वर विषय, खाली बेरीज. बेरजेवरून लगेच दिसतं की इतिहास मागे पडलाय आणि तबला भलताच पुढे निघालाय. नववीच्या नोव्हेंबरात आमच्या इतिहासाच्या रकान्यात अकराच तास होते. वेळेत दिसलं, म्हणून सावरलं.

आजारपण, भारतातली सुट्टी, पाहुणे हेही लिहा. डिसेंबरात सहा आठवडे पुण्यात होतो तर तसं लिहायचं. तिथे शनिवारवाडा पाहिला तर त्याचा तास इतिहासात जरूर धरा, पण लग्नाच्या हॉलमधले दोन दिवस समाजशास्त्रात घालू नका. (मी विचार केला होता.)

खतावणी: प्रत्येक विषयाची एक फाइल

रोजकीर्द तारखेप्रमाणे, खतावणी विषयाप्रमाणे. प्रत्येक कोर्सला एक फोल्डर, कागदाचं किंवा संगणकावरचं. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती (मुखपृष्ठाचा आणि आतल्या पानाचा फोटो काढला की काम झालं), सुरुवातीला ठरवलेला सिलॅबस, चाचण्या आणि कामाचे नमुने. सगळं ठेवायचं नाही. घरात जागा नसते आणि कुणी वाचणार नसतं. दर सत्रातले तीन नमुने: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. निबंध असेल तर तुमच्या लाल शाईसकट. विज्ञानाची प्रयोगवही मात्र अख्खी ठेवा, खाडाखोडीसकट. प्रत्येक प्रयोगाला तारीख, साहित्य, कृती, निरीक्षण. "प्रयोगासह" हा शब्द ट्रान्सक्रिप्टवर लिहायचा हक्क ह्याच वहीमुळे मिळतो.

कोर्स संपल्याच्या महिन्यात कोर्सचं वर्णन लिहून टाका. सात-आठ ओळी पुरतात. पुढे इंग्रजीत लागेलच, पण मजकूर साधारण असा:

"जीवशास्त्र, प्रयोगासह. १ क्रेडिट. पेशी, अनुवंश, उत्क्रांती, परिसंस्था आणि मानवी शरीर ह्यांचा वर्षभराचा अभ्यास. अमुक पाठ्यपुस्तक, अमुक आवृत्ती, प्रकरणं १ ते ३४. सूक्ष्मदर्शक आणि विच्छेदनासह १८ प्रयोग, प्रत्येकाचा लेखी अहवाल. मूल्यमापन: चाचण्या ५० टक्के, प्रयोग अहवाल ३० टक्के, प्रकल्प २० टक्के. शिकवणारी: आई."

"शिकवणारी: आई" लिहायला लाजू नका. पण को-ऑपमध्ये (होमस्कूलवाली घरं मिळून चालवतात त्या वर्गात) कुणी शिकवलं, ऑनलाइन वर्ग होता, कॉलेजचा कोर्स होता, तर ते ठळक लिहा.

कोर्सचं नाव रोखठोक हवं. "निसर्गाशी मैत्री" नको, "पर्यावरणशास्त्र" हवं. आणि प्रत्येक गोष्टीचा कोर्स करू नका. माझा मुलगा दिवाळीत मागच्या अंगणात थंडीत कुडकुडत राजगडाचा किल्ला करतो. तटबंदी, बुरूज, हळिवाची शेती, सगळं साग्रसंगीत. कुणीतरी सुचवलं की स्थापत्यशास्त्राचं अर्धं क्रेडिट लावून टाक. नाही लावलं. किल्ला उपक्रमांच्या यादीत गेला आणि तिथे तो शोभला. अर्ज वाचणारा माणूस दिवसाला कितीतरी ट्रान्सक्रिप्ट बघतो. एक फुगवलेली ओळ दिसली की त्याला बाकीच्याही फुगलेल्या वाटायला लागतात.

उपक्रमांची यादी वेगळी ठेवा: स्वयंसेवा, स्पर्धा, नोकरी, खेळ. तास, तारीख, आणि ज्याला विचारता येईल अशा व्यक्तीचं नाव व ईमेल. हे नंतर अजिबात आठवत नाही.

सगळ्याची स्कॅन केलेली प्रत दोन जागी ठेवा, एक क्लाउडवर, एक बाहेरच्या ड्राइव्हवर. आमच्या तळघरात एकदा पाणी शिरलं होतं. पुढचं सांगत नाही.

मराठीचं आणि तबल्याचं काय?

हा प्रश्न प्रत्येक मराठी आई विचारते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत गावोगावी आहेत. समजा शाळा आठवड्याला दोन तास आणि वर्षाला तीस आठवडे चालते. झाले ६० तास, म्हणजे अर्धं क्रेडिट. घरी वाचन-लेखनाचे तेवढेच तास नोंदवले तर पूर्ण. पण घरात मराठी बोलतो म्हणून क्रेडिट, असं होत नाही. वाचता-लिहिता येतं ह्याचा पुरावा हवा: निबंध, शाळेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, शिक्षिकेचं पत्र. काही कॉलेजं घरच्या भाषेबद्दल कुरकुरतात, काहींना ती फार आवडते. प्रवेश विभागाला दोन ओळींची ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. आम्ही मराठी तीन वर्षं दाखवली आणि शिवाय दोन वर्षं स्पॅनिशही केलं, कारण मी भित्री आहे.

तबला, गाणं, कथक ह्यांना ललित कलेचं क्रेडिट सहज लागतं. मूल अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असेल तर प्रवेशिका, मध्यमा वगैरे प्रमाणपत्रं फाइलला लावा आणि ती पातळी म्हणजे काय हे कोर्सच्या वर्णनात एका वाक्यात समजावून सांगा. न्यू जर्सीबाहेरच्या प्रवेश अधिकाऱ्याला "मध्यमा" म्हणजे काय हे कळायचं काही कारण नाही. खरं तर न्यू जर्सीतल्यालाही नाही.

ग्रेड आणि जीपीए

आईने दिलेल्या ए ग्रेडवर कोण विश्वास ठेवणार? प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, कशाला किती वजन हे कोर्स सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवणं आणि मग डोळे मिटून त्याप्रमाणे वागणं. दोन, बाहेरचा पुरावा. सगळ्या विषयांना नको, पण दरवर्षी एक-दोन तरी: एपी (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा), एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), कम्युनिटी कॉलेजची ग्रेड, परक्या शिक्षकाचा ऑनलाइन वर्ग. घरच्या गणितात ए आणि एसएटीच्या गणितातही भरघोस गुण, की विषय संपला.

बी द्यायला घाबरू नका. चार वर्षं ओळीने ए असलेला घरचा ट्रान्सक्रिप्ट बाहेरच्या पुराव्याशिवाय फिका दिसतो.

जीपीएचं गणित बाबांना एका मिनिटात समजलं असतं. ए ला ४, बी ला ३, सी ला २. ग्रेडचा आकडा गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. लेकीची नववी:

इंग्रजी १, ए – ४
भूमिती १, बी – ३
जीवशास्त्र १, ए – ४
जागतिक इतिहास १, ए – ४
स्पॅनिश १, बी – ३
शारीरिक शिक्षण अर्धं, ए – २
तबला अर्धं, ए – २

बेरीज २२, क्रेडिट ६, जीपीए ३.६७. घोळ नेहमी अर्ध्या क्रेडिटमध्ये होतो. लोक तिथेही पूर्ण ४ धरतात आणि आकडा फुगतो.

एपी किंवा ऑनर्सला (अवघड पातळीच्या कोर्सला) जास्तीचे गुण देऊन "वेटेड" जीपीए काढायची पद्धतही आहे. देणार असाल तर साधा जीपीए शेजारी लिहाच. कॉलेजं बहुधा आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात, तेव्हा ह्यावर रात्री जागू नका.

एपी आणि कम्युनिटी कॉलेज

एपी परीक्षा मे महिन्यात होतात आणि कुणीही देऊ शकतं, कोर्स केलेला असायला लागत नाही. अडचण जागेची असते. जवळच्या एखाद्या शाळेने तुमच्या मुलाला बसू द्यायला हवं, आणि नोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरातच फोन करायला घ्या. मी मुलाच्या वेळी जानेवारीत फोन केला होता. त्या शाळेतली बाई फार गोड आवाजात नाही म्हणाली.

कोर्सच्या नावात "एपी" लिहायचं असेल तर सिलॅबस कॉलेज बोर्डाकडून (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून) तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. होमस्कूलवालेही तो पाठवू शकतात. नसेल पाठवला तर कोर्सचं नाव साधं ठेवा, म्हणजे "कॅल्क्युलस", आणि खाली परीक्षेचे गुण द्या.

कम्युनिटी कॉलेजमध्ये अकरावी-बारावीत कोर्स घेणं हा घरच्या शाळेला मिळालेला सगळ्यात चांगला पुरावा. पण तिथली ग्रेड कायमची. ती त्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर राहते आणि पुढे प्रत्येक अर्जात मागतात. पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स, तोही मुलाच्या हातखंडा विषयाचा. कोर्स सोडायची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी वहीत लिहा. त्यांचा ट्रान्सक्रिप्ट कॉलेज थेट पाठवतं, तरी तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरही तो कोर्स दाखवा आणि कुठे घेतला ते लिहा.

ताळेबंद: एक पानाचा ट्रान्सक्रिप्ट

आता ताळेबंद उतरवायचा. एकच पान. वर मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, तुमच्या घरच्या शाळेचं नाव (आडनाव आणि होमस्कूल एवढं पुरे, "ग्लोबल अ‍ॅकॅडमी ऑफ एक्सलन्स" वगैरे नको), पदवीची तारीख. मध्ये वर्षाप्रमाणे कोर्स, क्रेडिट, ग्रेड. चालू वर्षाच्या कोर्सपुढे "सुरू आहे". खाली एकूण क्रेडिट, जीपीए, ग्रेडचं माप, क्रेडिट कसं मोजलं ह्याची एक ओळ, बाहेरच्या कोर्सची खूण. शेवटी तुमची सही आणि तारीख. सोशल सिक्युरिटी नंबर घालू नका. काही कॉलेजं नोटरीचा शिक्का मागतात. बँकेत बऱ्याचदा फुकट मिळतो, सही मात्र नोटरीसमोरच करायची.

कॉमन अ‍ॅपवरून (बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ) अर्ज करताना तुम्ही आई आणि शिवाय काउन्सेलर, म्हणजे शाळेतला सल्लागार. काउन्सेलर म्हणून तुमचं वेगळं खातं उघडतं. तिथे स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, शाळेचं प्रोफाइल आणि काउन्सेलरचं पत्र तुम्हीच चढवायचं. प्रोफाइल म्हणजे तुम्ही घरी का आणि कसं शिकवता, क्रेडिट-ग्रेड कसे देता, ह्याचं एक-दीड पान. कोर्सची वर्णनं लागली तर ह्यालाच जोडतात, आणि तुमची तर तयार असतील. काउन्सेलरच्या पत्रात मुलाचं कौतुक थोडं आणि संदर्भ जास्त. शिक्षकांची शिफारसपत्रं मात्र घराबाहेरच्यांचीच घ्या: कॉलेजचे प्राध्यापक, को-ऑपच्या बाई, तबल्याचे गुरुजी. शाळेचा कोड मागतात तिथे होमस्कूलचा ९७०००० आहे.

अर्ज गेला म्हणजे सुटलो असं नाही. जानेवारीच्या सुमारास पहिल्या सत्राच्या ग्रेडसह मिड-इयर रिपोर्ट आणि जूनमध्ये शेवटचा ट्रान्सक्रिप्ट.

सरकारी आर्थिक मदतीच्या फाफ्सा अर्जावर राज्याच्या कायद्याप्रमाणे केलेलं होमस्कूल चालतं. तो अर्ज मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, एच-४ व्हिसावरच्या मुलांना ती मदत मिळत नाही.

ज्यांची वाट वेगळी आहे

कॉलेजात खेळायचं असेल तर नववीपासूनच सावध राहा. एनसीएएच्या (कॉलेजांतल्या खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या डिव्हिजनला ठरावीक विषयांचे १६ कोअर कोर्स लागतात, त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी. होमस्कूलवाल्यांना प्रत्येक कोर्सचं वेगळं वर्कशीट भरावं लागतं: पुस्तकं, विषय, मूल्यमापन, कुणी शिकवलं. खतावणी असेल तर एका संध्याकाळचं काम.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ए ते जी ह्या ठरलेल्या विषयगटांतले १५ वर्षभराचे कोर्स हवे असतात, आणि घरी स्वतः शिकवलेला कोर्स त्यांच्या मंजूर यादीत नसतो. तिथे जायचं तर कम्युनिटी कॉलेजचे कोर्स, परीक्षांचे गुण किंवा मंजूर ऑनलाइन शाळा ह्यांची जुळवाजुळव नववीतच करा.

मध्येच सरकारी हायस्कूलमध्ये परतायचा विचार असेल तर घरची क्रेडिट धरायची की नाही हे ती शाळा ठरवते. काही ठिकाणी परीक्षा घेतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात. प्रवेशाच्या आधी लेखी विचारा.

आणि भारतात परतणार असाल, किंवा "बघू, कदाचित" अशा अवस्थेत असाल (आपल्यापैकी निम्मे असतात), तर आईबापांनी सही केलेल्या हायस्कूल डिप्लोमाच्या (बारावी झाल्याच्या कागदाच्या) भरवशावर राहू नका. भारतातली विद्यापीठं परदेशी बारावीसाठी समकक्षता प्रमाणपत्र (ती इथल्या बारावीच्या तोडीची आहे असा कागद) मागतात, आणि तिथे मान्यताप्राप्त शाळेचा कागद हातात असलेला बरा. अशांनी मान्यताप्राप्त ऑनलाइन हायस्कूलमध्ये नाव घालावं किंवा एनआयओएसची (भारतातल्या राष्ट्रीय मुक्त शाळेची) चौकशी करावी. ते नववीत ठरवलं तर सोपं, अकरावीत ठरवलं तर महाग.

शेवटच्या ट्रान्सक्रिप्टच्या पाच प्रती सही करून पाकिटात बंद करा, पाकिटाच्या जोडावर पुन्हा सही करा, आणि लसीकरणाच्या कागदांबरोबर ठेवा. माझ्या मुलाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका इंटर्नशिपसाठी हायस्कूलच्या पदवीचा पुरावा मागितला. त्याने शाळेला, म्हणजे मला, रात्री साडेअकराला फोन केला.